रुळलेला साचा

खोपोलीच्या कारखान्यांतून निवृत्त झालेली दहा माणसं एका ओळीत बसवा आणि त्यांना हात वर करायला सांगा. बोटं मोजत गेलात तर शंभरापर्यंत पोचणार नाही, पैज लावतो. कुणाचं पेर गेलंय, कुणाचा अंगठा, आणि एकजण तर असा की त्याला तंबाखू मळून द्यायला बायको लागते. त्या ओळीत आमचा दादा बसला की लोक त्याच्याकडे संशयाने बघतात. उभा जन्म प्रेस मशीनवर काढला आणि दहाच्या दहा शाबूत. नक्की कामचुकार असणार, म्हणतात.

मी वाढवून सांगतो, हे मान्य. माझं पोटच त्यावर आहे. कर्जत स्टेशनावरून शनिवार-रविवारची मंडळी माझ्या इको गाडीत भरायची आणि पळसदरीकडच्या फार्महाऊसांवर सोडायची, हा धंदा. रस्ता थोडका, त्यात बघण्यासारखं फार नाही, मग मी एक बिबट्या घालतो. एवढ्यानेही मंडळी मोबाइलमधून मान वर काढत नसतील तर धरणात मगर सोडतो. परतीच्या प्रवासात तीच मंडळी मला सांगतात की आम्ही मगर पाहिली. त्यामुळे आता माझाही तिच्यावर थोडा विश्वास बसलाय.

पण आता सांगतोय त्यात मगर नाही. असती तर परवडलं असतं, तिला निदान तोंड असतं.

निवृत्त झाल्यावर दादा पहिला महिना झोपला आणि दुसऱ्या महिन्यात घरावर तुटून पडला. दारांच्या बिजागऱ्या बदलल्या. गॅसच्या शेगडीला चाकं लावली. ती दोन दिवस स्वयंपाकघरात अशी हिंडत होती की वहिनी तिच्यामागून फोडणी घेऊन धावायच्या. मग तो मोबाइलवर सुतारकामाचे व्हिडिओ बघायला लागला, आणि एक दिवस भिसेगावात आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन खोकी येऊन पडली.

एका खोक्यात राउटर. म्हणजे दोन मुठींचा, मोटर बसवलेला डबा. त्याच्या पोटातून खाली एक पातं निघतं, त्याला बिट म्हणायचं. ते इतकं वेगात फिरतं की फिरताना दिसतच नाही. त्या जागी नुसती हवा थरथरते. दुसऱ्या खोक्यात साचा. खाली पत्र्याची चौकट, फळ्या दाबायला दोन दांडे आणि वरती फणी. फणीच्या दातांतून राउटर आत-बाहेर फिरवला की फळीच्या टोकाला पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे दात पडतात. दोन फळ्या अशा एकमेकींत बसल्या की ओढून सुटत नाहीत. ना खिळा लागतो, ना स्क्रू. हाच तो डवटेलचा जोड. चांगला साचा महाग असतो म्हणे. दादाचा साचा माझ्या गिऱ्हाइकांच्या एका वेळच्या मटणाच्या बिलात बसला असता, आणि फळी अशी धरायचा, जणू दुसऱ्याची आहे.

वहिनी शिवणकाम करतात. त्यांच्या रिळांसाठी सहा ड्रॉवरचं कपाट करायचं ठरलं. त्या शेडच्या दारापर्यंत आल्या, राउटर सुरू झाला तसा कानावर हात ठेवून मागे गेल्या आणि मला ओट्याजवळ गाठलं.

"भावजी, तुमी तिथं उभं राहा."

"मी काय करणार उभा राहून?"

"काय नाय करायचं. नुसतं बघायचं. अख्खा जन्म कारखान्यात जायचे, तवा मी रोज संध्याकाळी दारात हात बघायची. सगळं नीट परत आणलंय त्यांनी. आता घरामागं काय झालं तर मी कुणाला बोलू?"

माझ्यावर कुणी एवढा विश्वास टाकायची सवय मला नाही. उभा राहिलो. दादाने माझ्या हातात टॉर्च दिला. शेडमधला दिवा माळ्याकडे बघत लटकलेला होता आणि साच्यावर सावलीच पडायची.

पहिल्या दिवशी दादाने मला व्हिडिओतलं ज्ञान दिलं. बिट खाली सोडलं की जोड घट्ट होतो, वर घेतलं की सैल. एक केसभर फरकाने सगळं बदलतं. त्याने अंदाजाने बिट लावलं, नट पिळला आणि पहिला ड्रॉवर कापला. जोडला, तर म्हाताऱ्याच्या दातांसारखा हलत होता. उचलला की खुळखुळायचा.

"उद्या बिट जरा खाली घेऊ," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी दुपारचं भाडं सोडून आलो तोवर दुसरा ड्रॉवर कापून झालेला होता. जोड बरा बसत होता. पोकळी उरली होती, पण खुळखुळ गेली होती.

"खाली घेतलंस वाटतं?"

"नाय. विसरलो."

"मग घट्ट कसा झाला?"

दादाने मला बाजूला बसवून, लहानपणी पाढे शिकवायचा तसं समजावलं. नवीन मशीन पहिले चार दिवस रागावलेलं असतं. मग त्याला माणसाचा हात कळतो. कारखान्यात त्याने हे शंभरदा पाहिलं होतं: नवा प्रेस आला की सुरुवातीला माल वाकडा, आठवड्याने सरळ. कुणी काही केलेलं नसायचं. मशीन रुळतं. "चपलेसारखं असतं रं. चावतं आणि मग गप होतं."

मला हे पटलं. मी स्वतः यापेक्षा मोठ्या थापा रोज विकतो. पण ही थाप विकत घेताना मला काहीच वाटलं नाही.

तिसरा ड्रॉवर तळहाताने दाबला तसा बसला. दादाने तो वहिनींना नेऊन दाखवला. त्यांनी जोडावरून बोट फिरवलं आणि पहिल्यांदा हसल्या. शेजारचे एक निवृत्त मास्तर येऊन बघून गेले, म्हणाले, असं काम आता होत नाही. चौथा ड्रॉवर लाकडी हातोडीने ठोकून बसवावा लागला. दादाच्या चेहऱ्यावर असं तेज आलं होतं की शेडमध्ये टॉर्चची गरज उरली नव्हती.

एक मात्र होतं. पहिल्या दिवशी राउटर किंचाळायचा. चौथ्या ड्रॉवरला तो घोगरा झाला, घसा बसलेल्या माणसासारखा. लाकूड जळल्याचा वास यायला लागला. शेडच्या दाराशी एक कुत्री निजायची, फटाक्यांनाही न हलणारी. ती उठली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि रस्त्यापलीकडे जाऊन निजली. दादा म्हणाला, तिला आता या नव्या आवाजाची सवय करायला लागेल. मी हसलो.

पाचव्या ड्रॉवरला दादाने फळ्या साच्यात लावल्या. मी खाली वाकून टॉर्च मारला. नटाच्या खाली, बिटाच्या दांडीवर, एक चकचकीत पट्टा दिसला. बाकीची दांडी धुळीने आणि डिंकाने काळी पडलेली. एवढाच भाग नवा कोरा, जणू आत्ताच पिशवीतून काढलाय.

"दादा, हे बिट बाहेर आलंय."

"कुठं?"

"हा पट्टा आधी नव्हता."

"धरणात मगर पण आधी नव्हती," दादा म्हणाला आणि स्विच दाबला.

आता पुढचं मी वाढवून सांगणार नाही. ते बिट पत्रा फोडून गेलं आणि रस्त्यापलीकडच्या शेवग्यात घुसलं, असं सांगायची मला फार इच्छा आहे. तसं झालं नाही. राउटर फणीत शिरला, आवाज एकदम हलका झाला, ओझं टाकलेल्या हमालासारखा, आणि फणीचे दोन दात तुटून माझ्या पायावर पडले. दादाच्या हातातलं मशीन फिरतच होतं. खाली बिट नव्हतं. दादाने बऱ्याच वेळाने ते बंद केलं. त्याच्या मागच्या प्लायच्या दारात बिट अर्धं रुतलेलं होतं, छातीच्या उंचीवर. दार आणि राउटर यांच्या मध्ये दादा होता. मी त्याच्याकडे बघितलं. शर्ट काखेखाली फाटला होता, वीतभर. आत बनियन होतं, त्याला काही नव्हतं.

दादाने फटीतून हात घालून बरगडी चाचपली, हात बाहेर काढून बघितला आणि म्हणाला, "खिळ्याला अडकला." शेडच्या त्या भिंतीला खिळा नाही.

मग त्याने पक्कडीने बिट ओढून काढलं, तुटलेले दात उचलून डबीत ठेवले आणि चहा प्यायला गेला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बिट खाली सोडलं की जोड घट्ट होतो, हे पहिल्याच दिवशी दादाने मला सांगितलं होतं. नट बिटाला धरतच नव्हता. रोज एक केसभर ते खाली सरकत होतं, रोज जोड सुधारत होता, आणि ते निसटायच्या बेताला येत असताना आम्ही त्याला शाबासकी देत होतो. वहिनी हसल्या त्या त्याच बिटाला. मास्तर म्हणाले असं काम होत नाही, तेही त्यालाच.

संध्याकाळी वहिनी ओट्यावर बसून तोच शर्ट रफू करत होत्या. मी त्यांच्यासमोर बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा, काही न वाढवता, सरळ सांगितलं. बिट निसटलं. दादाच्या अंगाजवळून गेलं. दारात रुतलं.

वहिनींनी दोरा दातांनी तोडला. "बस?"

"बस म्हणजे?"

"नाय, तुमी सांगताय म्हणून मी थांबले. पुढं काय?"

"पुढं काही नाही. एवढंच झालं."

"खिळ्याला अडकला म्हणाले ते." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "भावजी, बरं वाटत नाय का? दमलेले दिसता."

मी त्यांना काय सांगू. बिटाला शेवग्यापर्यंत नेलं असतं, मध्ये एक बैल घातला असता, तर त्यांनी निदान चारातला एक आणा खरा धरला असता. सरळ सांगितलं, तर त्यातून उणे करायला काही उरलंच नाही. म्हणून त्यांनी सगळंच उणे केलं.

बोलून होत नव्हतं, मग मी मला जमतं ते केलं. दुसऱ्या दिवशी दादा आंघोळीला गेला तेव्हा शेडमध्ये शिरलो, राउटरचा नट आतल्या बिट धरणाऱ्या पकडीसकट काढला आणि इकोच्या डॅशबोर्डातल्या खणात टाकला. दिवसभर तो वळणावळणाला खडखडत होता. गिऱ्हाइकांनी विचारलं, कसला आवाज. मी म्हटलं, गाडी जुनी आहे. बिबट्या सांगायचं त्या दिवशी सुचलंच नाही.

दादाने शेड उपसली. वहिनींना उंदरावर संशय आला. मी दोघांबरोबर वाकून शोधलं, कॉटखालीसुद्धा. दोन दिवस शेड शांत होती, कुत्री परत दाराशी आली. मला वाटलं, जमलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी लावत होतो तर शेडमध्ये दिवा. दादा स्टुलावर बसला होता. मांडीवर राउटर, हातात कात्री, आणि तो थंड पेयाच्या डब्याचा पत्रा पट्ट्यापट्ट्यांनी कापत होता.

"काय चाललंय?"

"खालापूरच्या मिस्त्रीकडून नट आणलाय. जरा मोठा पडतो. बिटाला पत्रा गुंडाळला की बसेल."

तो माझ्याकडे न बघता कापत राहिला. पट्टी बिटाभोवती गुंडाळून त्याने नट फिरवला. बिट त्यात उभं राहिलं, थोडं तिरकं. आधीचा नट निदान चार दिवस तग धरून होता. हा सुरू होताक्षणीच सोडणार होता, हे मला कळत होतं, आणि अख्खा जन्म मशीनवर काढलेल्या माणसाला ते कळत नसेल, असं मला वाटत नव्हतं.

"हे नको करू," मी म्हणालो.

"मग काय करू? घरी बसलो की हात मेल्यासारखे पडतात रं. रात्री उशीखाली घेऊन निजतो त्यांना."

मी गाडीपाशी गेलो, डॅशबोर्डाचा खण उघडला आणि जुना नट आणून त्याच्यासमोर फळीवर ठेवला. थाप तयार होती, पण जीभ उचलली नाही. दादाने नट उचलला, उजेडात धरून आतून बघितला, फुंकर मारली. कुठे सापडला, विचारलं नाही.

"आधी प्लग काढ," मी म्हणालो.

आमच्या दादाने माझं आजवर एकदाही ऐकलेलं नाही. माझ्या लग्नातही मी सांगितलेल्या रस्त्याने वरात नेली नाही. त्याने मुकाट्याने उठून प्लग काढला. खालापूरच्या मिस्त्रीचा नट आणि पत्र्याची पट्टी कोपऱ्यात टाकली. पकड पेट्रोलच्या चिंधीने आतून पुसली, बिट खोलवर सारलं, पाना लावला आणि नट पिळला, हाताच्या शिरा वर येईपर्यंत पिळला. मग मार्करने बिटाच्या दांडीवर, नटाला लागून, एक काळी रेघ ओढली.

"ही हलली की सांग," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, हळू आवाजात, "पट्टा मी पण बघितला होता. तू दाखवायच्या आदी. तिला सांगू नको."

"नाही सांगत."

त्याने प्लग लावला. दोन दात तुटलेली फणी चौकटीवर बसवली, चांगली बाजू पुढे येईल अशी फिरवून, आणि शर्टाची रफू केलेली बाजू बरगडीशी दाबत साच्यावर वाकला. मी टॉर्च लावला आणि त्या रेघेवर धरला. दादाने स्विच दाबला, बिट फिरायला लागलं, आणि रेघ दिसायची थांबली.