शेजारचा तारा

नानांनी मान वर करून आकाशाकडे पाहिलेलं मला आठवत नाही. धुळ्याच्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते दुपारी जेवून यायचे, टोपी टेबलावर ठेवायचे आणि संगणकावर ताऱ्यांचे आलेख बघत बसायचे.

नरडाण्याकडच्या एका सूतगिरणीत त्यांची नोकरी सूत तपासण्यात गेली. सूत कुठे बारीक, कुठे जाड, ते यंत्र आलेखावर दाखवी आणि नाना नेमकं खोटीवर बोट ठेवत. मी भौतिकशास्त्र शिकवते. जोडतारे असल्याचा संशय असलेल्या ताऱ्यांची एक यादी माझ्याकडे होती. एकमेकांभोवती फिरताना एक तारा दुसऱ्याला झाकतो आणि प्रकाश ठरावीक वेळाने उतरतो. उपग्रहाने मोजलेल्या प्रकाशावरून हा संशय पडताळायचा होता. नाना आमच्याच गल्लीत राहायचे. निवृत्तीनंतर कंटाळलेल्या नानांना मी सहज एक आलेख दाखवला, आणि ते रोज येऊ लागले.

प्रत्येक ताऱ्याला त्यांचा एकच प्रश्न असे, "शे का नही?" म्हणजे आहे की नाही. एरवी ते प्रमाण मराठी बोलत, पण मनावर घेतलं की अहिराणीवर येत. खात्री नसली की वहीत 'माहीत नाही' लिहीत. मी चिडायचे.

"नाना, काहीतरी लिहा ना!"

"लिहिलं की, ताई."

एका ताऱ्याचा प्रकाश दर दोन दिवसांनी सुरेख उतरत होता. मी तो आपला शोध म्हणून पुण्याच्या परिषदेला कळवला, कॉलेजात पेढेही वाटले. चार दिवसांनी नाना म्हणाले, "ताई, उतार खरा शे. पन तारा हाऊ नही, शेजारना शे."

उपग्रहाच्या चित्रातला एकेक चौकोन एवढा मोठा, की शेजारच्या ताऱ्याचा प्रकाशही त्यात मिसळतो. नानांनी चौकोन वेगवेगळे करून पाहिले होते. माझ्या डोळ्यांसमोर पेढे खाल्लेले सगळे चेहरे आले.

"तुम्ही सुतातलं बघा, नाना," मी बोलून गेले.

त्यांनी टोपी घातली आणि ते निघून गेले.

आठ दिवस ते फिरकले नाहीत. तेवढ्या दिवसांत मी सगळं पुन्हा तपासलं. नानांचंच बरोबर होतं. माफी मागायला घरी गेले, तर ते ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. मूठभर शेंगा त्यांनी माझ्यापुढे सरकवल्या.

"गिरणीत एकदा सूत खराब आलं," ते म्हणाले. "मी एका कारागिराचं नाव लिहून दिलं. त्याला काढून टाकलं. मग कळलं, खोट शेजारच्या यंत्राची होती. बोदवडला त्याच्या घरी गेलो, तर तो पोटासाठी सुरतेला निघून गेलेला."

पुण्यात मी शेजारचा तारा मांडला आणि नानांचं नाव माझ्या आधी लिहिलं. छापील पान हातात दिलं, तेव्हा त्यांनी फक्त ताऱ्याचा क्रमांक वहीशी ताडून पाहिला. मग पान घडी करून खिशात ठेवलं.

पुढे काचबिंदूने त्यांची नजर गेली. मुलगा त्यांना जळगावला घेऊन गेला. मग रोज दुपारी मी फोनवरून आकडे वाचायचे आणि नाना ऐकायचे. "थांबा. मागचे पाच परत वाचा." उतार त्यांना कानाने कळायचा.

गेल्या दिवाळीनंतर एका ताऱ्याचे आकडे नानांनी दोनदा वाचून घेतले.

"काय लिहू, नाना?"

"उद्या परत वाच, बेटा," ते म्हणाले. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी मला एकेरीत हाक मारली.

दुसऱ्या दिवशी फोन त्यांच्या मुलाने उचलला.

"ताई, नाना गेले," तो म्हणाला. "सकाळपासून विचारत होते, दुपार झाली का म्हणून."