बाभळीची गिटार

बैलांचं नवं जू तयार झालं की आमचे सुतार मिस्त्री ते आधी स्वतःच्या मानेवर घ्यायचे आणि घाटंजीच्या आमच्या गल्लीतून एक फेरी मारून यायचे. कोणी हसलं तर म्हणायचे, "हास बाबू. कुठं रुतून राह्यलं ते मुका जीव थोडाच सांगणार हाये मले?"

त्या वर्षांत कापसानं साऱ्यांचं कंबरडं मोडलं होतं. बैलजोड्या विकल्या जात होत्या, मग जू कोण करून घेणार? त्यांच्याकडे वेळच वेळ होता. तशात आमच्या भीमगीतांच्या पार्टीतली माझी इलेक्ट्रिक गिटार टेम्पोवरून पडली. दांडी, तारा शाबूत, खोडाचे मात्र तुकडे. मिस्त्रींनी उभ्या जन्मात गिटार हातात धरली नव्हती, पण नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. चाकासाठी राखलेल्या बाभळीतून त्यांनी असं देखणं खोड कोरलं की बघत राहावं. मजुरी घेतली नाही.

आता बाभूळ म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. रद्दीवाल्याच्या काट्यावर गिटार सात किलो भरली! जू मानेवर घेऊन हिंडणाऱ्या या माणसानं गिटार मात्र एकदाही गळ्यात घालून पाहिली नव्हती. "वाजवता येत नाई, मी कायले घालू?"

मी तीन महिने गप्प बसलो. डाव्या हाताची करंगळी बधिर होत गेली, चहाच्या पेल्याचा चटकाही कळेना. डॉक्टर म्हणाले, ओझं सोडा, नाहीतर हात जाईल. म्हणजे पार्टी सोडायची. आणि मिस्त्रींना सांगायचं कसं? माझ्यासारखा भिडस्त माणूस मार खाईल, पण बोलणार नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ते शेजाऱ्याच्या बैलांचे खांदे शेकायला आले. मी बनियनवर उभा होतो. हळद-तूप चोळता चोळता त्यांची नजर माझ्या खांद्यावर गेली. पट्ट्याखालची कातडी सोलली होती. ते उठले आणि उरलेलं हळद-तूप त्यांनी माझ्या खांद्यावर थापलं.

"बैल नाई बोलत. तुले तोंड होतं ना? काहून नाई सांगितलं?"

"काका, तुम्ही एवढ्या मायेनं केली..."

"मायेनं खांदा सोलते का बे?"

मग मी करंगळीचंही सांगून टाकलं. मला रडू आलं आणि खरं सांगतो, फार हलकं वाटलं.

पोळा सरताच त्यांनी तारा उतरवल्या आणि खोड पाठीमागून गिरमिटानं पोखरायला घेतलं. दर भोकाला पुटपुटायचे, "तडकते वाटते." निम्मं लाकूड निघालं. गळ्यात घातली तर दांडी सरळ जमिनीकडे!

"धुरजड झाली!" मिस्त्री ओरडले. गाडीत माल पुढे भरला की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो, तसं. यात मात्र त्यांचा हात कोण धरणार? त्यांनी पट्ट्याची खुंटी दांडीकडे सरकवली, खोड त्याच बाजूनं आणखी थोडं पोखरलं, आणि गिटार निमूट आडवी राहिली. आवाजही गेला नव्हता.

दसऱ्याच्या सुमारास ढाणकीला आमचा कार्यक्रम होता. दुसरं गाणं रंगात आलं आणि आमच्यासोबत आलेले मिस्त्री थेट स्टेजवर चढले. कोणी अडवायच्या आत त्यांनी माझी करंगळी धरली आणि नखानं कचकन चिमटा काढला.

"अय माय!" मी माइकमध्ये किंचाळलो. गाणं थांबलं.

मिस्त्री जाऊन बरीच वर्षं झाली. मला ते आठवतात ते तसेच. दोन कार्यकर्ते त्यांना दंडाला धरून खाली उतरवतायत आणि ते साऱ्या मंडपाला ओरडून सांगतायत, "लागलं! पोराले लागलं!"