दारावरचे आकडे

चतुराआत्या कुरुळीत कामगारांची खानावळ चालवते. दहावीनंतर मी तिच्याकडे राहायला आले, तेव्हा छत्तीस किलोची होते. वजन वाढवायची पावडर आणली, तर तिनं ती सरळ मोरीत ओतली. "चार येळा जेवायचं, बाकी काय न्हाई!" मग भाकरी, उसळ, अंडी, दही आणि चार वाजता शेंगदाण्याचा लाडू.

दर सोमवारी ती मला तांदळाची पोती तोलायच्या काट्यावर उभं करी आणि दारावर खडूनं आकडा लिही. शेजारी जुने, उतरत गेलेले आकडे होते. ते खंगून वारलेल्या तिच्या लेकीचे, अंजलीचे. शेवटचा छत्तीसच.

आज माझे चव्वेचाळीस भरले. आत्यानं जुने आकडे ओल्या फडक्यानं पुसले, माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"बरी झालीस गं, अंजले."

माझं नाव विजयश्री आहे.