नेव्हिलची शिल्लक रजा

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट ॲशरच्या कॅसिनोत जुगाराची यंत्रं आठशे आणि त्यांचे संगणक सांभाळणारी माणसं चार. तीन कायम, आणि चौथी जीना झाप्पाला, तासाच्या बोलीवर. तासाचा दर कायमच्यांपेक्षा चार डॉलर जास्त, म्हणून लोक म्हणायचे, मजा आहे हिची. मजा कसली डोंबलाची! आजारी पडली की पगार बंद, आणि घरासाठी कर्ज मागायला गेली की बँकेतला गोड हसून म्हणायचा, "कायम झालात की या."

फेब्रुवारीत त्या तीन कायमांपैकी नेव्हिल ओकीफ गेला. बावीस वर्षांची नोकरी. रविवारी घरी जेवताना बोलावणं आलं म्हणून सर्व्हरच्या खोलीत येऊन बसला, तो खुर्चीतच संपला. सोमवारी सापडला. त्याची जागा जीनालाच मिळणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, आणि वाईट वाटत असतानाही ती मनातून खूश झाली होती. त्याची तिला पुढे फार लाज वाटली.

पण जागा रिकामीच होईना. कर्मचाऱ्यांच्या दारावर चेहरा ओळखून हजेरी मांडणारा कॅमेरा आहे. त्यात रोज सकाळी सहा बावन्नला नोंद पडत होती: ओकीफ, हजर.

"ब्रिस्बेनची मुख्य कचेरी म्हणते माणूस कामावर येतोय," तिचा साहेब ब्रेट म्हणाला. "मग त्याच्या जागी तुला कशी घेऊ?"

"अरे, तू त्याच्या शवपेटीला खांदा दिलास ना?"

"ते ब्रिस्बेनच्या संगणकाला समजाव."

जीनाने कॅमेरा बदलला. यादीतून नेव्हिलचा चेहरा पुसला. दुसऱ्या दिवशी सहा बावन्नला तो परत हजर. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या वाट्याच्या यंत्रांच्या तक्रारी आपोआप मिटत होत्या, आणि प्रत्येकीखाली त्याचे नेहमीचे दोन शब्द: "झालं. चहा."

शेवटी ब्रेटनेच तोड काढली. "शुक्रवारी तो कॅमेराच उखडू. नोंद नाही म्हणजे गैरहजर, गैरहजर म्हणजे जागा रिकामी. सोमवारी तू कायम. आता तरी हस की बाई!"

जीना हसली. पण गुरुवारी सकाळी ती लवकर येऊन दारावरच्या सेबास्तियन अंकलजवळ बसली. अंकल उत्तरेकडच्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरचे, अठरा वर्षं त्याच खुर्चीत पहारा करणारे.

"दिसतो का हो तुम्हाला?"

"दिसत नाही. वेळेवर येतो मात्र. तुमच्यासारखा नाही," अंकल म्हणाले. मग हळूच म्हणाले, "पाय मागे घे पोरी. वाटेत येतायत."

दार उघडलं. बाहेर सकाळीच अंग भाजणारं ऊन होतं, पण आत आली ती हवा गारठलेली होती. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला. पडद्यावर चेहऱ्याभोवती पडते ती चौकट उमटली, आणि चौकटीत नुसती भिंत. पलीकडे लिफ्टचं बटण पेटलं.  जीनाने अंकलचा हात घट्ट धरला.

"कॅमेरा काढला तर यायचा थांबेल?"

"तो काय कॅमेऱ्यासाठी येतो? येत राहील. फक्त कुणाला कळणार नाही." अंकलनी सुस्कारा सोडला. "अठरा वर्षं त्याचं ऐकतोय, ही नवी यंत्रणा मार्गी लागली की रजा टाकतो. त्याने बायकोला देश दाखवायला चाकांवरचं घर, कॅरव्हान घेतली. अंगणात उभी आहे, टायर बसलेत."

जीनाने वर जाऊन संगणकावर नेव्हिलचा नोकरीचा पट उघडला. वार्षिक रजा आणि दीर्घ सेवेची रजा मिळून शिल्लक एकशे सात आठवडे. बावीस वर्षांत एक दिवस घेतलेला नव्हता. रजेवरचा माणूस नोकरीतच असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षं जागा अडणार. सोमवार हातचा जाणार. तिला स्वतःचाच राग आला. बँक, कर्ज, घर, सगळं समोर दिसत असताना तिने त्याच्या नावाने अर्ज भरला आणि पुढे धाडला. ब्रेट गुरुवारी आलेले सगळे अर्ज न वाचता मंजूर करून ब्रिस्बेनला पाठवतो.

शुक्रवारी सहा बावन्नला दार उघडलं नाही. सात वाजले तरी नाही. अंकलनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

दहा वाजता ब्रेट लाल होऊन आला. "वेडी आहेस का तू? मेलेल्याला रजा? ब्रिस्बेनने मंजूर करून टाकली ती! आता दोन वर्षं बस अशीच!"

"बसते," जीना म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण तिला मोकळंही वाटत होतं.

दुपारी तिने सहज स्वतःचा पट उघडून पाहिला. शिल्लक रजेच्या रकान्यात आकडाच नव्हता. तिथे लिहिलं होतं, लागू नाही. उद्या आपण इथेच संपलो, तर आपल्या नावाने रजेचा अर्ज कुणालाही भरता येणार नाही, हे तिच्या ध्यानात आलं, आणि भर दुपारी तिचे हात गार पडले.