मोरचूद घातलेली खळ

तुमच्या रेशनकार्डावर नावापुढे 'स्त्री' लिहिलंय की 'पुरुष', हे तुम्ही शेवटचं कधी वाचलंत? कधीच नसेल. बरोबर लिहिलेलं कोणी तपासत बसत नाही. मी रोज वाचायचे. माझ्या नावापुढे 'पुरुष' होतं.

नोकरी ठरली होती. अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं कानाला लावून टाइप करायचं, शहराबाहेरच्या नव्या काचेच्या इमारतीत. मुलाखत घेणाऱ्या बाईंना माझं काम आवडलं. "फक्त कार्डावर आणि खुर्चीत एकच व्यक्ती हवी," त्या म्हणाल्या. "कार्ड बदलून आणा, मग रुजू व्हा."

रेशनकार्डाच्या ऑफिसातल्या कारकुनाने कागद उलटेपालटे केले. "ऐसा केस आजतक नै आया," म्हणत तो आत साहेबांना विचारून आला. प्रतिज्ञापत्र हवं, डॉक्टरांचा दाखला हवा. शिवाय शेजारचे दोन साक्षीदार, रक्ताच्या नात्यातले नकोत, त्यांनी ठरल्या दिवशी समोर येऊन सही करायची. तोवर बाहेरच्या फळ्यावर नोटीस राहणार: नाव, पत्ता, काय बदलायचंय. कुणाची हरकत असेल तर त्याने लेखी कळवावं.

"फिकर नक्को करो," तो म्हणाला. "बोर्ड कोन पढता?"

नोटिशीला मी भ्याले नाही. मी पत्रकांतच वाढले. बाबा रेल्वेत होते, युनियनमध्ये. काचीगुड्यातल्या आमच्या घरी स्टोव्हवर भाजीआधी मैद्याची खळ शिजायची. बाबा आणि समोर राहणारे काका, त्यांचे युनियनमधले साथी, खळीत मोरचुदाची निळी पूड चिमूटभर टाकायचे, म्हणजे झुरळं कागद खात नाहीत. पत्रक लावताना काका प्रत्येक कोपऱ्यावर अंगठा दाबून गोल फिरवायचे. बाबांचे नियम दोनच. खरं असेल ते भिंतीवर लावायला भ्यायचं नाही. आणि विरोधकाचंही पत्रक फाडायचं नाही.

साक्षीदारही मिळाले. वरच्या मजल्यावरच्या चाची म्हणाल्या, "जिस दिन बोले उस दिन आती मैं. बस इत्ता बोल बेटी, सही किधर करना."

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "पोरा, साडी नेसून क्रांती होत नसते."

"काका, मी सलवार घालते."

ते हसले. "येतो. तुझ्या बापासाठी येतो."

नोटीस लागली. थोड्याच दिवसांत तिची झेरॉक्स आमच्या चौकातल्या विजेच्या खांबावर दिसली. माझ्या नावाखाली शाईची रेघ ओढलेली होती. मग दूधकेंद्राच्या भिंतीवर एक. मी जवळून जाताना वाचणारे गप्प व्हायचे. एकदा पाठीमागे टाळी वाजली, तळहात आडवे आपटून तृतीयपंथी वाजवतात तशी. मी वळले तर सगळे कागदाकडे बघत होते.

मग एका सकाळी कागद आमच्या दारावर होता.

"बाबा, कोण लावायलंय हे?"

बाबांनी कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं. खळ अजून ओली होती. बोटावर निळसर झाक आली. त्यांनी एकेक कोपरा बघितला. चारही कोपऱ्यांवर अंगठ्याचे गोल होते. समोरच्या खिडकीचा पडदा हलला आणि थांबला.

बाबा आतून ओलं फडकं घेऊन आले.

"बाबा, तुमचा नियम?"

"हे पत्रक नाही," ते म्हणाले. "पत्रकाखाली काढणाऱ्याचं नाव असतं."

ठरल्या दिवशी चाची सगळ्यांच्या आधी तयार होऊन खाली उभ्या होत्या. मी काकांना बोलवायला गेले. दाराला बाहेरून कुलूप होतं आणि आत टीव्ही चालू होता.

चाचींनी सही केली. कारकुनाने माझ्या मागे बघितलं. "दूसरा गवाह?" मी म्हटलं, येतील. आम्ही ऑफिस बंद होईपर्यंत बाकावर बसलो. हरकतीचं एक पत्र आलंय, एवढं त्याने सांगितलं. दाखवलं मात्र नाही. आता सगळं पहिल्यापासून, म्हणाला. काचेच्या इमारतीतल्या बाईंनी थोडे दिवस वाट पाहिली, मग माझ्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं.

काका अजून समोरच राहतात. मी बाहेर पडले की त्यांचं दार लागतं. येत्या आठवड्यात नोटीस पुन्हा लागेल, त्याच नावाने, त्याच पत्त्यासह. चाची पुन्हा येणार आहेत. दुसऱ्या सहीची जागा कोरी आहे. बाबांनी दाराशी पाण्याची बादली भरून ठेवलीय.

तुमच्याही गल्लीत कधी असा कागद दिसेल, खाली नाव नसलेला. वाचत उभे राहू नका. पाण्याने भिजवा, खळ मऊ होऊ द्या आणि वरून खाली सोलून काढा. मग ज्याचा पत्ता त्यावर होता, त्या घराची कडी वाजवा आणि विचारा, सही कुठे करायची.