धुण्याआधी बघायचं

बिरदेव माझा विद्यार्थी. चौथीत असताना त्यानं वर्गाबाहेर काढून ठेवलेल्या माझ्या चपलांच्या तळव्यांची माती खरवडून चार पुड्यांत बांधली आणि टेबलावर आणून ठेवली. "गुरुजी, तुमी कुटनं कुटनं आला ते ह्यात दिसतंय," म्हणाला. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. त्या काळी आम्हा मास्तर मंडळींना एवढंच उत्तर यायचं.

आता तो अडतीस वर्षांचा आहे. कडेगावात त्याचं एसी दुरुस्तीचं दुकान आहे आणि उन्हाळ्यात त्याला जेवायला फुरसत नसते. मी निवृत्त झालोय. मला फुरसतच फुरसत. मग मी त्याच्या मोटरसायकलवर मागं बसून हिंडतो. बायको म्हणते, "लोकांच्या घरात डोकवायला मिळतं म्हणून जाता." खोटं कशाला बोलू, त्यासाठीच जातो.

बिरदेवची कामाची एक तऱ्हा आहे. एसीचं पुढचं झाकण उघडून तो जाळीचा फिल्टर बाहेर काढतो, पण लगेच पाण्याखाली धरत नाही. जुन्या कॅलेंडरचं पान पालथं घालतो आणि त्या पांढऱ्या बाजूवर फिल्टर हलक्या हातानं झटकतो. जी धूळ पडेल ती चिमटीत घेऊन चोळतो, हुंगतो. मग घरमालकाला हाक मारतो आणि म्हणतो, "बघा." धुण्याआधी बघायचं, हा त्याचा नियम. लोकांना तो आवडत नाही. साफसफाईला बोलावलेला माणूस आपलाच कचरा आपल्याला दाखवायला लागला तर कुणाला आवडेल?

मला मात्र ते पान बघायला फार आवडतं. सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याकडं पानावर पिवळं ऊन पडल्यासारखं झालं होतं. एका बंगल्यात पांढरे मऊ केस निघाले. घरमालक वीरधवल म्हणाले, "आमच्याकडं कुत्रं नाही, मांजर नाही." त्यांची कॉलेजातली मुलगी शिवांजली एकदम भिंतीकडं बघायला लागली. तिच्या कपाटामागं मांजरीचं पिल्लू होतं, हे त्या घराला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून बिरदेव केसांबद्दल चारचौघांत बोलत नाही.

आणि आमच्या गल्लीतल्या चंद्राबाई! त्यांनी फिल्टर काढून काथ्यानं असा घासला, की जाळीला बोट जाईल एवढी भोकं पडली. वर तो पत्र्यावर उन्हात वाळत घातला. संध्याकाळी त्याचा पापड. बिरदेवनं त्यांना समोर बसवून सांगितलं, "आवं, ही कढई न्हाई. उलट्या बाजूनं साधं पानी सोडायचं. लय माखलं आसंल तर साबनाच्या पान्यात मऊ बुरूश फिरवायचा. सावलीत ठिवायचं. पंधरा दिसांतनं एकदा बास झालं. पर खडखडीत वाळल्याबिगर आत घालायचं न्हाई."

"सावलीत का ते पापडावरनं कळलं," मी वाटेत विचारलं. "पण खडखडीत वाळलेलाच का?"

"वलं आत गेल्यावर काय हुतंय ते कवातरी दाखवीन, गुरुजी."

ते बघायची वेळ मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आली. विट्याच्या रस्त्याला नानासोचं नवं घर आहे, तिथून फोन आला. एसीच्या मशीनमधनं पाणी गळतंय, गार होत नाही, आणि आतून सगळं धुऊन पाहिजे.

नानासोची मंडळी मूळची पूर्वेकडच्या माळावरची, मेंढरांमागं फिरणारी. नानासो सोळाव्या वर्षी गलाईच्या कामाला कोइमतूरला गेला. सोनारांच्या दुकानातला चुरा वितळवून, तेजाबात घालून सोनं वेगळं काढायचं, असं ते काम. वीस वर्षं त्यानं तो धूर गिळला. बरोबरचे दोघे तिथंच खोकून खोकून गेले. म्हणून मुलगी झाल्यावर तो गाशा गुंडाळून परत आला, घर बांधलं, आणि सहा वर्षांच्या प्रांजलच्या खोलीत एसी बसवला. हिच्या छातीला धूळ-धूर लागू द्यायचा नाही, हे त्याचं एकच वेड.

आणि फेब्रुवारीत प्रांजल नेमकी खोकायला लागली.

नानासोची आई हरणाबाई लोकर कातते. घोंगड्यांचं सूत. चरख्यावर बसली की तिच्या लुगड्यावर, केसांवर, सगळीकडं लोकरीचे तंतू. डॉक्टरांनी "धुळीपासून जपा" म्हटलं आणि नानासोनं लोकरीला पकडलं. आधी चरखा बाहेर गेला. खोकला काही थांबला नाही. मग हरणाबाई बाहेर गेली. दीड महिना ती मागच्या शेडात निजत होती.

हे सगळं नानासोनं आम्हाला ओट्यावरच सांगितलं. पुढं म्हणाला, "आता मशीन आतनं बघा. लोकर निघाली तर येत्या रविवारी आईला आटपाडीकडच्या घरला सोडून येतो. तिकडं बसून कात म्हनावं किती कातायची ती."

आटपाडीकडचं घर म्हणजे माळावर बंद पडलेली दोन खोल्यांची वास्तू. शेजारी कुणी नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं तिथं एकटीनं राहायचं. आणि हे तो इतक्या मोठ्यानं बोलत होता, की शेडात बसलेल्या हरणाबाईला शब्दन् शब्द ऐकू जात होता. माझं डोकं तडकलं. चौथीतला असता तर मी त्याला बाकावर उभा केला असता. बिरदेवनं माझं कोपर दाबलं, म्हणून गप्प राहिलो.

घरात आम्ही तिघंच होतो. नानासोची बायको प्रांजलला घेऊन विट्याला डॉक्टरांकडं गेली होती. बिरदेव स्टुलावर चढला, त्यानं झाकण वर केलं आणि थांबला.

फिल्टरवर एक फडकं बांधलेलं होतं. नळाला बांधतात तसं, दुहेरी घडी घालून, चारी बाजूंनी सुतळीनं आवळून. आणि ते ओलं होतं.

"ह्ये काय?" बिरदेवनं विचारलं.

नानासोचा चेहरा उजळला. "माजी आयडिया. आमच्या दुकानात सोन्याची धूळ उडून जाऊ नये म्हनून शेठ वलं फडकं टांगायचा. वल्याला कनभर बी चिकटतंय, सुटत न्हाई. सोनं धरतंय तर लोकर धरनार न्हाई व्हय? खोकला सुरू झाल्यापास्नं रोज सकाळी नेमानं वलं करून बांधतो. एक दीस चुकवला न्हाई."

बिरदेवनं फडक्याला बोट लावून हुंगलं.

त्यानं फडकं सोडलं आणि खिडकीतल्या उजेडात कॅलेंडरच्या पानावर पसरलं. बारीक चिमट्यानं एकेक कण बाजूला काढायला लागला. काळे, वळलेले, बोटानं मोडणारे तुकडे फार होते. "पाचट पेटवल्याली काजळी," तो म्हणाला. आजूबाजूला ऊसच ऊस, तोड झाली की फड पेटवतात. मग रस्त्याची राखी धूळ. मग पिठासारखं काहीतरी. मी गुडघे दुखतात हे विसरून पानाजवळ उकिडवा बसलो होतो. पुढं काय निघतंय याची उत्सुकता, आणि काय निघू नये याची धास्ती.

"लोकर," बिरदेव म्हणाला. "तीन तंतू."

"बगा!" नानासो जवळजवळ ओरडला. "मी सांगत हुतो का न्हाई?"

खोलीच्या मागच्या दारात हालचाल झाली. हरणाबाई येऊन उभी राहिली होती, उंबऱ्याच्या बाहेर. तिनं सगळं ऐकलं होतं.

"थांब जरा," बिरदेव नानासोला म्हणाला. "आत्ती भाईर निजायला लागल्यावर खोकला कमी आला?"

"न्हाई. उलटा वाढलाय."

"कवा लय येतोय?"

"मशीन लावली की. रातभर मग." नानासो घुटमळला. "आत लोकर आडकून बसली आसंल न्हवं."

"बगतो. दोन बादल्या पानी लागंल."

नळाला पाणी नव्हतं. नानासो बादल्या घेऊन मागच्या टाकीकडं गेला. बिरदेवनं फिल्टर काढला. फिल्टर लख्ख होता, त्याच्यात काही नव्हतं. मग त्यानं मोबाइलची बत्ती आत धरली आणि मला बोलावलं. "गुरुजी, या. त्या दिशी इचारलं हुतं न्हवं."

आत वारा फेकणारी लांबट चक्री असते. तिची पाती पांढरी असतात म्हणे. ही काळी होती, मखमल चढल्यासारखी. मी तोंड जवळ नेलं आणि ओल्या पोत्याचा कुबट वास नाकात असा शिरला, की मलाच ठसका लागला.

"काय हाय रं?" दारातून हरणाबाईनं विचारलं.

बिरदेवनं नियम मोडला नाही. तिला जेवढं दिसेल तेवढं दाखवलं आणि सांगितलं. ओल्या फडक्यातून वारा नीट जाईना, म्हणून आत बर्फ धरला. बर्फ वितळला की पाणी गळतं. रोज ओल, वाळायला सवड नाही, म्हणून पात्यांना बुरशी. "मी काय डाक्टर न्हाई, आत्ती. पयला खोकला काजळीचा आसंल. पर ह्या वाऱ्याखाली मी माजी पोरगी निजवली नसती. तुमची लोकर जड, त्येलकट. ती खाली बसती. दोन म्हयन्यांत वर तीन तंतू गेलं."

हरणाबाई चौकटीला हात टेकून पुढं वाकली.

"म्हंजी नानाच्या हातनं झालं?"

"व्हय."

मला वाटलं, आता ही बाई सुटली. दीड महिन्याचा कलंक धुतला गेला, आता मोठ्यानं बोलेल, रडेल, चार शिव्या घालेल. माझी तर तयारी होती दुजोरा द्यायची. तिनं वळून टाकीच्या दिशेला बघितलं, पदर तोंडाजवळ धरला आणि आवाज खाली आणला.

"मग लोकरच म्हन."

"आँ?"

"लोकर निगाली म्हन. मी जाते आटपाडीला. म्हातारं मानूस, कुटं बी पडंल. त्याला ह्ये सांगू नगंस, बाबा. तिकडं सोबतीची पोरं खोकून मेल्याली त्यानं बगितल्यात. रातचा दचकून उटतोय आजून. पोरीला त्ये हू नये म्हनून ह्यो समदा खटाटोप. आपल्याच हातनं पोरगी खोकली ह्ये त्याला सोसायचं न्हाई."

"आत्ती, लोकर म्हनलो तर उद्या सकाळी फडकं पुना वलं हुईल."

"मग फडक्याला न्हाई म्हन. मशीन बिघडती म्हनून सांग." तिनं सगळा विचार करून ठेवला होता. "खोकल्याचं मातूर माज्यावर घाल."

बिरदेव हातात बत्ती धरून तसाच उभा राहिला. खोटं बोललं तरी मशीन साफ होणार होतं, पोरगी बरी होणार होती, फक्त ही बाई माळावर एकटी जाणार होती आणि तेही स्वतःच्या मर्जीनं. मी, जन्मभर दुसऱ्यांना खरं-खोटं शिकवलेला माणूस, पानावरच्या तीन तंतूंकडं बघत राहिलो. नानासोवरचा माझा राग कुठं गेला ते कळलं नाही. त्या जागी लाज वाटत होती, आणि कशाची ते नीट सांगता येत नाही.

पाणी सांडल्याचा आवाज झाला. हरणाबाईच्या मागं, दोन पावलांवर, नानासो दोन्ही हातांत बादल्या घेऊन उभा होता. किती वेळ उभा होता, देव जाणे. बादल्या हिंदकळून त्याचे पाय भिजले होते.

त्यानं बादल्या खाली ठेवल्या. आईच्या अंगाला अंग न लावता आत आला, स्टुलावर चढला आणि हात आत घातला. बोट काळं होऊन बाहेर आलं. त्यानं ते नाकाशी नेलं. तेजाबाच्या धुरात वीस वर्षं काढलेल्या माणसाला वास समजावून सांगावा लागत नाही.

"दीड म्हयना," तो म्हणाला.

बिरदेवनं मग आडपडदा ठेवला नाही. "समदं खोलून धुतो. पुरतं वाळंस्तवर मशीन लावायची न्हाई. फडकं तर आजाबात न्हाई. आनि डाक्टरास्नी बुरशीचं सांग, त्ये बी बगतील."

नानासोनं मान हलवली. ऐकलं की नाही कुणास ठाऊक. स्टुलावरून उतरला आणि आईसमोर जाऊन उभा राहिला. मी खिडकीबाहेर बघायचं नाटक केलं, पण बघत होतो तिकडंच.

"आई, आत ये."

"आसू दे. हितं बरं हाय."

"ये म्हनतोय न्हवं."

हरणाबाईनं एक पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. मग उंबऱ्याबाहेरच उभी राहून तिनं पदर खांद्यावरून काढला आणि झटकला. लुगड्याचा घोळ झटकला. दोन्ही हातांनी केस पुसले, तळवे एकमेकांवर आपटले, आणि पुन्हा पदर झटकायला घेतला. एवढं सगळं सराईतपणे, मुकाट्यानं, नातीला भेटायचं झालं की दर वेळी करायचं काम असल्यासारखं.

नानासोनं तिचा हात धरला. "झाडू नगंस, आई."

"सवय लागली रं," ती म्हणाली, आणि आत आली.