तिसरं बोट

ॲनिमेशनच्या स्टुडिओत त्यांना सगळे स्कॅनरताई म्हणत, कारण बावीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. चित्रकाराने काढलेला कागद घ्यायचा, त्याची भोकं स्कॅनरच्या खुंट्यांवर बसवायची, झाकण पाडायचं, बटण दाबायचं, पुढचा कागद घ्यायचा. नायक मेला काय, नायिका हसली काय, ताईंच्या हाताखालून सगळे सारख्याच वेगाने जात.

मग एके दिवशी हायस्कूलच्या बँडवरची ॲनिमे मालिका करायचं ठरलं. दिग्दर्शिका जेमतेम तिशीची, पण हट्टाची पक्की. सूर एक आणि बोटं भलतीच, असला कारभार आपल्याकडे चालणार नाही, हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. नायिका ट्रंपेट वाजवणारी. तेव्हा सगळ्यांना जमवून तिने विचारलं, "इथे कुणी कधी ट्रंपेट वाजवलाय का?"

सगळे छताकडे पाहायला लागले. ताईंचा हात वर गेला.

"शाळेत. चार वर्षं," त्या म्हणाल्या, आणि लगेच त्यांना वाटलं, याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

पण वयाच्या चोपन्नाव्या वर्षी त्यांना खिडकीजवळचं टेबल मिळालं. ट्रंपेटला कळा तीनच. कुठल्या दाबल्या आणि ओठ किती आवळले, यावर सूर ठरतो. ताई कानाला हेडफोन लावून धून ऐकायच्या, टेबलाच्या कडेवर बोटं चालवायच्या आणि प्रत्येक सुरापुढे कळांचे आकडे लिहायच्या. तो कागद समोर ठेवून चित्रकार हात काढत. महिन्याभरात स्कॅनरताईंच्या बोटंताई झाल्या. घरीही बोटं थांबेनात. एकदा नवऱ्याच्या खांद्यावर अख्खी धून वाजवून झाली, तेव्हा तो म्हणाला, "अगं, झाली असेल तर मान हलवू का?" तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, आणि माणूस तसा सोशीक.

ताईंना या कामाचा अभिमान होता, हे सरळच सांगितलेलं बरं. बावीस वर्षांत त्यांना कुणी "हे बरोबर आहे का?" असं विचारलं नव्हतं. आता दिवसातून दहा जण विचारत.

चार भाग तयार झाले. पहिला भाग दाखवायला नऊ दिवस उरले होते. पुढच्या भागाचं वादन ध्वनिमुद्रित करायला एक नावाजलेला ट्रंपेटवाला आला. समोरच्या पडद्यावर आधीच्या भागांची तयार चित्रं चालू होती. त्याने दोन ओळी वाजवल्या, ट्रंपेट खाली घेतला आणि साध्या कुतूहलाने विचारलं, "ही मुलगी एक-दोनच्या जागी प्रत्येक वेळी तीन का दाबते?"

काचेपलीकडे ताई उभ्या होत्या. त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. पहिली आणि दुसरी कळ एकदम दाबली की जो सूर निघतो, तोच एकट्या तिसरीवरही निघतो, पण जरासा उतरलेला. शहाणं माणूस एक-दोनच दाबतं. चारही भागांत जिथे जिथे एक-दोन हवं होतं, तिथे तिथे ताईंनी तीन लिहिलं होतं. विचार करून नव्हे, त्यांची बोटं टेबलावर तशीच पडत होती. आणि दोनशे तीस हात तसे काढून, रंगवून झाले होते.

जित्याची खोड म्हणतात ती ही. चौदाव्या वर्षी बँडच्या खोलीचं जड दार वाऱ्याने त्यांच्या उजव्या हातावर आपटलं होतं. बोटं बरी झाली, पण पहिली दोन एकदम खाली पडेनात. मधलं कायम उशिरा पोचायचं आणि सूर चिरकायचा. मग त्यांनी तिसऱ्या बोटाची वाट धरली. सूर खाली पडायचा, तो त्या ओठांनी वर उचलायच्या. शेवटच्या वर्षी एकटीने वाजवायच्या तुकड्यासाठी बँडच्या सरांनी त्यांची आणि आणखी एका मुलीची चाचणी घेतली. ताईंचं ऐकून सर एवढंच म्हणाले, "सूर ओढून वर नेतेस. ऐकू येतं." तुकडा दुसरीला मिळाला. ताईंनी ट्रंपेट पेटीत ठेवला तो कायमचा.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं.

त्याने चष्मा काढून पुसला. "मला वाटत होतं, तुला कंटाळा आला म्हणून सोडलंस."

"कंटाळा कसला? रडून रडून डोळे सुजले होते माझे."

"मग उद्या जाऊन सगळं सांग. नंबर चुकला तर मी काच बदलून देतो. गिऱ्हाइकाला डोळे बदला म्हणत नाही."

सकाळी दिग्दर्शिकेच्या खोलीत वेळापत्रक सांभाळणारे साहेब आधीच येऊन बसले होते. "दोनशे तीस हात, नऊ दिवस," ते म्हणाले. हे वाक्य ते पहाटेपासून म्हणत असावेत.

"चूक माझी आहे," ताई उभ्यानेच म्हणाल्या. "मी परत स्कॅनरवर जाते. कागद दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या."

"ते नंतर बघू," दिग्दर्शिका म्हणाली. "पण ताई, एकदा चुकलं तर समजू शकते. प्रत्येक वेळी तीनच कसं काय?"

ताईंनी उजवा हात टेबलावर ठेवला. पहिलं आणि दुसरं बोट एकदम उचलून एकदम टेकवलं. एकदम कुठलं, टक आणि मग टक. खोलीतल्या तिघांनाही ते ऐकू आलं. मग ताईंनी दाराचं सांगितलं, तिसऱ्या बोटाचं सांगितलं, चाचणीचंही सांगितलं.

दिग्दर्शिकेने हातातली पेन्सिल खाली ठेवली. "माझ्या नायिकेला सगळं कसं आयतं येतंय, हेच मला महिनाभर खुपत होतं. तिच्या हाताला असं काही झालं असलं तर? सातव्या भागात तिची चाचणी आहेच. तिथे सांगू या."

"म्हणजे एकही हात बदलायचा नाही?" साहेबांनी विचारलं. कलेची एवढी ओढ त्यांच्यात आजवर कुणी पाहिली नव्हती.

"तिचे नाही. बाकीच्या ट्रंपेटवाल्यांचे बदलायचे. त्यांच्या बोटांवर दार पडलेलं नाही."

"माझी चूक झाकायला तुम्ही गोष्ट बदलू नका," ताई म्हणाल्या.

"झाकतेय कुठे? लाखभर लोकांना दाखवणार आहे." मग तिने विचारलं, "तुमचे सर नेमकं काय म्हणाले होते, ते परत सांगा बरं." आणि ते तिने वहीत लिहून घेतलं.

बाकीच्यांचे हात एक्केचाळीस निघाले. ताईंनी त्यांचे कागद नव्याने लिहिले, आणि या वेळी प्रत्येक सूर आधी तोंडाने म्हणून मगच आकडा टाकला. ट्रंपेटवाला पुन्हा आला, आणि त्याने चाचणीचा तुकडा तिसऱ्या कळेवर इतका स्वच्छ वाजवला की ताईंनी नकारार्थी मान हलवली.

"फार नीट झालं. सूर आधी खाली पडू द्या. मग उचला."

तो हसला. "वर्षानुवर्षं पोरांची हीच खोड मोडत आलोय मी."

"मग आज एक दिवस जोडा."

सातव्या फेरीला ताईंनी डोळे मिटले आणि बोट वर केलं. तोच सूर होता.

सातवा भाग लागला त्या संध्याकाळी नवरा दुकानातून लवकर आला. ताईंकडे नुसते हात तपासायला येत, त्यामुळे पूर्ण भाग त्याही पहिल्यांदाच पाहत होत्या. पडद्यावर ती मुलगी बँडच्या खोलीत उभी राहिली. मागे ते जड दार होतं. तिने वाजवायला सुरुवात केली. तिसरं बोट खाली गेलं, सूर किंचित पडला आणि वर आला. खुर्चीच्या हातावर ताईंचंही बोट खाली गेलं होतं.

पडद्यावरच्या सरांनी हातातला कागद बाजूला ठेवला. "सूर ओढून वर नेतेस. ऐकू येतं," ते म्हणाले.

हे येणार हे ताईंना माहीत होतं. पण सरांचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"म्हणून हा तुकडा तूच वाजव."

नवऱ्याने ताईंकडे पाहिलं. त्यांनी पदराने डोळे पुसले, नाक ओढलं आणि विचारलं, "काय म्हणाले हो ते सर?"

त्यांना चांगलं ऐकू आलं होतं. नवऱ्यालाही ते माहीत होतं. तरी त्याने ते वाक्य, एकेक शब्द सावकाश, त्यांना पुन्हा सांगितलं.